परदेशातून लेकराला घेऊन माहेरी येताना: खान्देशातल्या बायकांसाठी एकेक पायरी

सहा वर्षांपूर्वी आखाजीच्या आठ दिवस आधी मी अमळनेरला उतरले. कडेवर साडेतीन वर्षांची लेक, दोन बॅगा आणि डाव्या मनगटाला पट्टा. गल्लीतल्या बायांना वाटलं, पोर सणाला माहेरी आली. झोके बांधलेले होते, गौराईची गाणी चालू होती आणि मीही कोणाला काही बोलले नाही. नवऱ्याचा हात उठतो हे आईला सांगायलासुद्धा मला पाच दिवस लागले. सगळं ऐकून झाल्यावर आजोबा एवढंच म्हणाले, “पोर आपली शे, कोन लई जाई?”

त्या रात्री मला कित्येक महिन्यांनी झोप लागली. पण त्याच वाक्यावर विसंबून आम्ही पुढचे दोन महिने काहीच केलं नाही. तिसऱ्या महिन्यात पोलीस ठाण्यातून हवालदार आला. नवऱ्याने उच्च न्यायालयात याचिका केली होती आणि मुलीला ठरल्या तारखेला हजर करायचं होतं.

ते दोन महिने तुमचे वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. मी वकील नाही. वकील तुम्हाला लागणारच, पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं आणि कोणता कागद पुढे करायचा हे आधी माहीत असलं तर निम्मी धावपळ वाचते. वडील किंवा भाऊ हे वाचत असतील तर त्यांनीही पूर्ण वाचावं, कारण वकिलाकडे पहिली चक्कर बहुतेक त्यांचीच होते.

पायरी १: ‘भारत करारात नाही’ याचा खरा अर्थ समजून घ्या

मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबद्दल २५ ऑक्टोबर १९८० रोजी हेग इथे एक करार झाला. सोळा वर्षांखालच्या मुलाला एका पालकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या देशातून बाहेर नेलं, किंवा सुट्टीला म्हणून नेलं आणि परत आणलं नाही, तर मुलाला लवकरात लवकर त्या देशात परत पाठवायचं. ताबा कोणाकडे द्यायचा ते तिथलं कोर्ट ठरवणार. अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर धरून शंभरावर देश या करारात आहेत. भारत नाही. आपल्याकडची पुष्कळ माणसं जिथे कामाला जातात ते संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबियाही नाहीत.

करार लिहिला गेला तेव्हा मूल पळवणारा म्हणजे ताबा हरलेला बाप, असं चित्र लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. आज जगभरच्या प्रकरणांत मूल घेऊन जाणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आया असतात. तरी कराराच्या मजकुरात ‘कौटुंबिक हिंसा’ हा शब्द कुठेच नाही. आईला आधार मिळतो तो मुख्यतः कलम १३ (१) (ब) चा. परत पाठवल्याने मुलाला शारीरिक किंवा मानसिक इजेचा गंभीर धोका असेल तर कोर्ट परत पाठवायला नकार देऊ शकतं, असं ते कलम सांगतं. आईला झालेली मारहाण म्हणजे मुलाला धोका धरायचा की नाही, यावर देशोदेशीची कोर्टं अजून भांडत आहेत. नेमक्या याच विषयावर जून २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सँडटनला अनेक देशांची बैठकही झाली.

आपल्याकडे विधी आयोगाने २००९ मध्ये करारात सामील व्हावं अशी शिफारस केली होती. पुढे न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या समितीने २०१८ मध्ये उलट मत दिलं. ‘राहता देश’ हा एकच निकष लावून मूल परत पाठवणं मुलाच्या हिताचं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे भारतात मूल आपोआप परत पाठवलं जात नाही. कोर्ट प्रत्येक मुलाचं हित वेगळं तपासतं.

इथेच सगळ्यात मोठा सापळा आहे. ‘आपण करारात नाही, म्हणजे लेकराला कोणी नेऊ शकत नाही’ हे साफ खोटं आहे. भारतीय कोर्टांनी मुलं परत पाठवली आहेत, पुष्कळ वेळा. काही निकाल सांगते. पक्षकारांची नावं देत नाही, प्रत्येक नावामागे कोणाचं तरी खरं लेकरू आहे. वर्ष सांगितलं की वकिलाला निकाल कळतो.

१९८६ मध्ये (निकालसंग्रहात १९८७) सर्वोच्च न्यायालयाने वडिलांनी अमेरिकेतून पुण्याला आणलेला मुलगा आईच्या हवाली केला आणि तो अमेरिकेला परत गेला. १९९७ मध्ये (निकालसंग्रहात १९९८) आईने अमेरिकेतून आणलेला मुलगा आईकडेच ठेवला. २०१७ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ब्रिटनमधून लेकीला घेऊन आलेल्या आईच्या बाजूने निकाल दिला आणि सांगितलं की परदेशी कोर्टाचा आदेश ही विचारात घ्यायच्या अनेक गोष्टींपैकी एक, मुलाचं हित सगळ्यांच्या वर. आपल्याला सगळ्यात जास्त उपयोगी हाच निकाल आहे. पण त्यानंतर २०१९, २०२० आणि २०२२ मध्येही मुलांना अमेरिकेत परत पाठवण्याचे आदेश झाले. २०२२ च्या जानेवारीतल्या निकालात आईने स्वतः जायला नकार दिला होता. कोर्ट म्हणालं, इथे आईची सोय किंवा हक्क पाहायचा नाही, मुलाचं हित पाहायचं.

हे शेवटचं वाक्य पाठ करा. तुमच्यावर काय गुदरलं ते कोर्ट ऐकेल, पण प्रश्न विचारेल तो लेकराबद्दल.

पायरी २: अजून परदेशातच असाल तर

जीवाला धोका असेल तर ही पायरी सोडा. आधी घराबाहेर पडा आणि तिथला आपत्कालीन नंबर लावा: अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, जर्मनीत ११०.

थोडा वेळ हातात असेल तर माझी चूक करू नका. मी अवलंबितांच्या व्हिसावर होते. पोलिसांत गेलीस तर व्हिसा जाईल आणि पोरगी इथेच राहील, असं मला रोज ऐकवलं जायचं आणि मी ते खरं धरलं होतं. दोन वर्षांत मी एकदाच ९११ लावला. पोलीस आले, पाहून गेले, अटक झाली नाही. मला वाटलं, काही उपयोग झाला नाही. पण त्या भेटीचा दीड पानी अहवाल पुढे माझ्या प्रकरणातला सगळ्यात भक्कम कागद ठरला, कारण तो मी भारतात यायचं ठरवण्याच्या चौदा महिने आधीचा होता. निघाल्यानंतर सांगितलेली हिंसा समोरचा वकील ‘केससाठी रचलेली’ म्हणतो. आधीच्या तारखेच्या कागदाला तो काय म्हणणार?

म्हणून: डॉक्टरला खरं कारण सांगा आणि ते लिहून घ्यायला लावा. तिथल्या महिला आश्रय संस्थेशी बोला, त्यांच्याकडे नोंद राहते. नवऱ्याने जवळ येऊ नये असा कोर्टाचा संरक्षण आदेश मागा. आणि ज्याचा आपल्याकडे फार कमी जणी विचार करतात ते करा: मुलासह भारतात राहायला जाण्याची परवानगी तिथल्याच कोर्टाकडे मागता येते. वेळ लागतो, मिळेलच याची खात्री नाही. पण मिळाली तर पुढच्या निम्म्या पायऱ्या तुम्हाला लागणारच नाहीत.

ही परवानगी किंवा नवऱ्याची संमती नसताना मूल देशाबाहेर नेणं पुष्कळ ठिकाणी गुन्हा आहे, हे लपवून मी तुमचं भलं करणार नाही. अमेरिकेत १९९३ च्या केंद्रीय कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हिंसेपासून पळून जाणं हा बचाव त्याच कायद्यात आहे, पण तो तिथल्या कोर्टात पुराव्याने मांडावा लागतो. निघण्याआधी तिथल्या वकिलाशी एकदा तरी बोलाच.

संमतीबद्दल तीन सूचना.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘जा, महिनाभर राहून ये’ असं आलं असेल तर ती संमती महिनाभराचीच. परतीच्या तिकिटाची तारीख उलटली की त्या दिवसापासून ‘मूल रोखून ठेवलं’ असा दावा सुरू होतो.

खोटी सही, खोटं संमतीपत्र कधीही करू नका. एक खोटा कागद सापडला की शंभर खरे कागद मातीमोल होतात.

तिसऱ्या देशाच्या वाटेला जाऊ नका. जर्मनीतून निघून लंडनच्या बहिणीकडे थांबलात, तर दोन्ही देश करारातले असल्याने पूर्ण करार लागू होतो. तिथे मग ‘गंभीर धोका’ सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये सांगितलं की असा धोका एकदा सिद्ध झाला की मूल सुरक्षितपणे परत पाठवण्याचे सगळे उपाय तपासत बसणं कोर्टावर बंधनकारक नाही. हा दिलासा आहे, पण आधी धोका सिद्ध करावा लागतोच.

भारतीय दूतावासालाही कळवा. त्यांच्याकडे समाजकल्याण निधी असतो, अडचणीतल्या महिलांना त्यातून मदत मिळू शकते. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवली की तारखेसह नोंद तयार होते, आणि तारीखवार नोंदी हाच आपला खरा आधार.

पायरी ३: कागद

मूळ कागद मिळाले नाहीत तर फोटो काढा. फोटो नवऱ्याला उघडता येणार नाही अशा नव्या ईमेलवर पाठवा. जुना पासवर्ड त्याला माहीत असतोच असं धरून चाला.

- मुलाचा जन्मदाखला, पासपोर्ट, आणि मूल परदेशी नागरिक असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळतं ते) किंवा व्हिसा
- तुमचा पासपोर्ट आणि व्हिसाची सगळी पानं, येण्याजाण्याच्या शिक्क्यांसह
- लग्नाचा दाखला
- पोलीस अहवाल, संरक्षण आदेश, दवाखान्याचे कागद, जखमांचे तारीख दिसणारे फोटो
- मुलाची लसीकरणाची नोंद, डॉक्टरांचे कागद, पाळणाघर किंवा शाळेचे अहवाल
- मुलाला रोज कोण सांभाळत होतं हे दाखवणारं काहीही: शाळेशी झालेले ईमेल, दवाखान्याच्या भेटींवर तुमचं नाव
- घरभाडं, बँक, पगाराच्या नोंदी
- मेसेज आणि आवाजाच्या फिती, मूळ फोनसह

शेवटच्या ओळीवर जरा थांबते. स्क्रीनशॉट काढून फोन विकून टाकू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली. वकिलाला पहिल्याच दिवशी त्याबद्दल विचारा.

आणि भाषांतर. उच्च न्यायालयात कागद इंग्रजीत लागतात. आमच्या घरातली भांडणं अहिराणीत. एका फितीत नवरा दात ओठ खाऊन म्हणतो, “तुले दखी लिसू,” म्हणजे तुला बघून घेईन. बाहेरगावच्या भाषांतरकाराने त्याचं इंग्रजी केलं ते ‘मी तुझ्याकडे लक्ष देईन’ अशा अर्थाचं. धमकीची काळजी झाली! सुनावणीच्या आदल्या रात्री माझ्या भावाच्या लक्षात आलं म्हणून वाचलो. अहिराणी, लेवा बोली, भिली, पावरी, ज्या बोलीत बोलणं झालं ती जाणणाऱ्या माणसाकडून भाषांतर करून घ्या, आणि प्रत्येक ओळ स्वतः वाचून घ्या.

परदेशातल्या सरकारी कागदांवर तिथेच ‘अपोस्टिल’ शिक्का, म्हणजे कागद खरा असल्याची दुसऱ्या देशात चालणारी खूण, मारून घ्या. अपोस्टिलचा करारही हेगचाच, पण त्यात भारत २००५ पासून आहे. इथे आल्यावर हे काम करायचं म्हणजे महिनेच्या महिने जातात.

पायरी ४: माहेरी आल्यावरचे पहिले पंधरा दिवस

सगळ्यात आधी तीन ठिकाणी तोंड उघडा: वकील, संरक्षण अधिकारी (कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेले सरकारी अधिकारी), मुलाचा डॉक्टर. नातेवाईक नंतर.

*वकिलाला पैसे नसतील तर* जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विचारून सापडतं, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते. बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. माझ्या वडिलांना हे माहीत नव्हतं, त्यांनी केळीच्या बागेवर उसनवारी केली. हेल्पलाइन १५१००.

*कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५.* तुमच्या तालुक्याच्या कोर्टात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १२ खाली अर्ज करा. ‘मार परदेशात बसला, मग इथे केस कशी?’ असं पुष्कळ जण, काही वकीलसुद्धा, म्हणतात. कलम २७ वाचायला सांगा. तुम्ही तात्पुरत्या जरी इथे राहत असलात तरी इथल्या कोर्टाला अधिकार आहे, आणि परदेशातल्या हिंसेबद्दलही इथे अर्ज चालतो असं आपल्याच उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलेलं आहे. कलम १८ खाली संरक्षण, २० खाली खर्च, २१ खाली मुलाचा तात्पुरता ताबा, आणि कलम २३ खाली हे सगळं अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंत तात्पुरतं, मागता येतं. साठ दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, म्हणून अंतरिम अर्ज पहिल्याच दिवशी जोडा. संरक्षण अधिकारी तुमचा घटना अहवाल भरून देतात. ते कुठे बसतात हे कळलं नाही तर १८१ ला फोन करा किंवा जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये जा.

*ताब्याचा अर्ज* वेगळा. तो १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली, कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथे, नाहीतर जिल्हा न्यायालयात. त्या कायद्यात मूल ‘सर्वसाधारणपणे जिथे राहतं’ तिथल्या कोर्टाला अधिकार असतो. समोरचा म्हणणार, मूल तर टेक्सासमध्ये राहतं. म्हणून शाळेचा दाखला, इथल्या बालरोगतज्ज्ञाची फाइल, अंगणवाडीची नोंद, हे लवकर तयार व्हायला हवं. मूल हिंदू कुटुंबातलं आणि पाच वर्षांखालचं असेल तर १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातलं कलम ६ आईच्या मदतीला येतं: एवढ्या लहान मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे. माझी लेक साडेतीन वर्षांची होती याचा मला फार उपयोग झाला. नऊ-दहा वर्षांचं, तिकडच्या शाळेत रुळलेलं मूल असेल तर वाट अवघड आहे, आणि ते आधीच माहीत असलेलं बरं.

*पोलीस तक्रार करायची का?* क्रूरतेचं जुनं कलम ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आहे. सासरहून येऊन जिथे आसरा घेतला तिथे तक्रार देता येते, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं. पण गुन्हा पूर्णपणे परदेशात घडला असेल तर खटल्यासाठी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते, आणि एकदा गुन्हा दाखल झाला की बोलणीची दारं बंद व्हायला लागतात. माझं मत: कोणी दारात येऊन धमकावत असेल तर त्याच क्षणी ११२ लावा आणि तक्रार द्या. तसं नसेल तर आधी संरक्षण आणि ताबा, मग गुन्ह्याचा विचार. सासरच्या दहा जणांची नावं घालण्याचा सल्ला देणारे भेटतील. ज्याने मारलं त्याचंच नाव द्या. बाकीची नावं घातली की तुमचा खरा आरोपही पातळ होतो.

*मुलाचा व्हिसा.* मूल परदेशी नागरिक असेल आणि प्रवासी व्हिसावर आलं असेल तर मुदत संपण्याआधी परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या (ई-एफआरआरओ) संकेतस्थळावर मुदतवाढ मागा. आम्ही विसरलो होतो. समोरच्या वकिलाने पहिल्याच सुनावणीत विचारलं, हे मूल इथे कायदेशीर राहतंय का?

पायरी ५: संभाजीनगरची नोटीस आली तर

जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे येतात. नवरा तिथे बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे हेबियस कॉर्पसची याचिका करतो. शब्द ऐकून घाबरू नका. ‘माझं मूल बेकायदा डांबून ठेवलं आहे, कोर्टासमोर आणा’ एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही आरोपी नाही.

हवालदार आला की नोटिशीची प्रत घ्या, त्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा, सही करा. लेकराला लपवू नका. माझ्या मावशीने लगेच सुचवलं होतं की पोरीला महिनाभर शिरपूरच्या नातेवाइकांकडे ठेवू. तसं केलं असतं तर आम्ही त्याच दिवशी हरलो असतो. उच्च न्यायालय सगळ्यात जास्त चिडतं ते मूल गायब केल्यावर.

नोटीस आणि सुनावणी यांत फार दिवस नसतात. तालुक्याच्या वकिलांना त्याच दिवशी खंडपीठात काम करणारे वकील विचारा. प्रतिज्ञापत्र तयार करताना मी दोन रात्री रडत चाळीस पानं लिहिली होती. खंडपीठाच्या वकीलबाईंनी ती बाजूला ठेवली आणि विचारलं, “ताई, यात तुमची मुलगी कुठे आहे?” खरंच नव्हती. सगळं माझ्याबद्दल होतं. मग आम्ही नव्याने लिहिलं: मारहाण झाली तेव्हा मुलगी कुठे होती, तिने काय पाहिलं, त्यानंतर ती झोपेत ओरडायची ते कोणत्या डॉक्टरला दाखवलं, इथे आल्यावर ते कधी थांबलं, आता तिला कोण सांभाळतं, ती कोणत्या शाळेत जाते, आजीशी कोणत्या भाषेत बोलते. अकरा पानं झाली. केस त्या अकरा पानांवर उभी राहिली.

सुनावणीच्या दिवशी पहाटे निघा. आम्ही चाळीसगाव-कन्नडचा घाट चढून जायचो, आणि घाटात ट्रक आडवा झाला की दोन-दोन तास जायचे. पहिल्या तारखेला आम्ही धापा टाकत पोचलो. पुढच्या वेळेपासून आदल्या रात्री मुक्कामाला गेलो. मुलासाठी डबा, पाणी, खेळणं, जादा कपडे घ्या. नंबर कधी लागेल सांगता येत नाही.

न्यायमूर्ती मुलाशी चेंबरमध्ये एकट्याने बोलू शकतात. मुलाला काहीही शिकवून पाठवू नका. ‘पप्पा वाईट आहेत असं सांग’ हे शिकवलेलं वाक्य मुलाच्या तोंडून दोन प्रश्नांत उघडं पडतं. मी लेकीला फक्त सांगितलं होतं की एक काका किंवा मावशी तुझ्याशी बोलतील, तुला जे वाटतं ते सांग. ती आजोबांच्या शेरडाबद्दल बोलली.

खंडपीठाच्या व्हरांड्यात एक बाई भेटायच्या. त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा, परदेशी नागरिक, तिकडे चौथीत शिकत होता. त्यांनाही मार बसला होता, पाठीवरचे वण त्यांनी मला दाखवले. पण तिकडचा एकही कागद नव्हता, आणि त्या सुट्टीला म्हणून परतीचं तिकीट काढून आल्या होत्या. मुलाला परत न्यायचा आदेश झाला. त्यांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. आधीच्या तारखेचं काही नव्हतं, एवढंच.

माझ्या प्रकरणात नऊ महिन्यांनी न्यायालयाने परत पाठवायला नकार दिला आणि ताब्याचा पूर्ण प्रश्न जिल्हा न्यायालयात चालवायला सांगितला. वडिलांना व्हिडिओवर बोलण्याचा आणि भारतात आल्यावर भेटण्याचा हक्क दिला. पुढे मध्यस्थीत तडजोडीने वाद मिटला.

पायरी ६: परदेशी कोर्टाची नोटीस

तिकडच्या कोर्टाचं समन्स कुरिअरने, ईमेलने, कधी व्हॉट्सअ‍ॅपवरही येतं. गावात लगेच सांगतात, ‘ते आपल्याला लागू नाही, फेकून द्या.’ परदेशी समन्स भारतात कायदा मंत्रालयामार्फत बजावायचं असतं आणि नुसत्या टपालाने बजावण्याला भारताचा आक्षेप आहे, हे खरं. पण तुम्ही गप्प बसलात तर तिकडे एकतर्फी आदेश होतो: पूर्ण ताबा वडिलांकडे. मग तो आदेश घेऊन ते इथे येतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ प्रमाणे तुमचं म्हणणं न ऐकता झालेल्या निकालावर इथे हरकत घेता येते, पण ती लढाई आधीच टाळलेली बरी. तिकडे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्था आहेत, ऑनलाइन हजर राहता येतं का ते विचारा. लेखी उत्तरात हिंसेचा उल्लेख आणि इथल्या अर्जाचा क्रमांक यायलाच हवा.

पायरी ७: वडिलांशी बोलणं तोडू नका

हे लिहिताना माझा हात अजून जड होतो. पण सांगते.

मूल वडिलांपासून पूर्ण तोडलं असं दिसलं की कोर्टाचं मन तुमच्याविरुद्ध जातं. २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ज्या पालकाकडे ताबा नाही त्याला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता यावं. तुम्ही स्वतःहून ठरलेली वेळ द्या, लेखी द्या. तुम्ही समोर बसू नका. भाऊ, वडील, कोणीतरी शांत माणूस बसू द्या. बोलण्याची वेळ आणि मिनिटं वहीत लिहा. फोनवर तुम्हाला धमकी आली तर तीही त्याच वहीत, आणि मग कोर्टाकडून अटी मागा. मुलालाच मारहाण किंवा लैंगिक त्रास झाला असेल तर ही पायरी तुमच्यासाठी नाही. तिथे आधी १०९८ आणि कोर्टाचा आदेश, बोलणं नंतर.

पायरी ८: परत जाण्याचा आदेश झाला तर

आदेश मोडून लपून बसू नका. सर्वोच्च न्यायालयात जाण्याची मुदत वकिलाला त्याच दिवशी विचारा, आणि सोबतच अटी मागा. वेगळं घर, विमानभाडं, महिन्याचा खर्च, तुमच्यावरची फौजदारी तक्रार मागे घेणं, आणि तुम्ही उतरल्यावर मूल तुमच्या हातून काढून न घेणं. या गोष्टी नवऱ्याच्या तोंडी शब्दावर सोडू नका. तिकडच्या कोर्टाकडून तसाच आदेश आधी करून आणायला लावा आणि मगच विमानात बसा. तुमचा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असेल आणि तो संपला असेल, तर मूल जाईल आणि तुम्ही जाऊ शकणार नाही, हे कोर्टाच्या नजरेला आणून द्या. हा मुद्दा मांडायचा राहून जातो आणि आई मुंबईच्या विमानतळावरच अडकते.

पायरी ९: लेकरू तिकडे आणि तुम्ही इकडे

उलटंही होतं. दिवाळीला म्हणून आणतात, बाईचा पासपोर्ट काढून घेतात, आणि नवरा मुलाला घेऊन एक दिवस निघून जातो. पासपोर्ट काढून घेतल्याची तक्रार त्याच दिवशी पोलिसांत द्या. मूल अजून भारतात असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या अर्जात मुलाला देशाबाहेर नेण्यास मनाई आणि पासपोर्ट कोर्टात जमा करण्याची मागणी अंतरिम म्हणून करा. विमानतळावर सूचना जावी यासाठी आदेशाची प्रत घेऊन पोलीस अधीक्षक कार्यालयात स्वतः जा, कोणी आपणहून पाठवेल म्हणून थांबू नका.

मूल निघून गेलं असेल तर भारत करारात नसल्याने हेगचा अर्ज करता येत नाही, तिथल्या कोर्टातच जावं लागतं. राष्ट्रीय महिला आयोगाच्या अनिवासी भारतीय कक्षाकडे, ‘मदद’ पोर्टलवर आणि त्या देशाच्या मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाकडे एकाच आठवड्यात लिहा. तिघांनाही एकच घटनाक्रम पाठवा. तारखा जुळल्या पाहिजेत. एका कागदावर मुलगा १२ तारखेला गेला आणि दुसऱ्यावर १५ ला, एवढ्यावरही समोरचा वकील अर्धा तास घालवतो.

फोनमध्ये आजच जपून ठेवायचे नंबर: पोलीस ११२, महिला हेल्पलाइन १८१, मुलांसाठी १०९८, मोफत वकिलासाठी १५१००. नवऱ्याच्या हातात तुमचा फोन जात असेल तर भावाच्या किंवा मैत्रिणीच्या फोनमध्ये ठेवा.